मुदत की हप्ता

तळेकर दुकानात आला तेव्हा मी
बेअरिंगं मोजत होते. बासष्ट-शून्य-पाच, चोवीस नग.
मिरकरवाड्याच्या धक्क्याला होड्या लागायला अजून तास होता.
त्याने काउंटरवर कागद पसरला,
वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर माझाच एक नट ठेवला.

"व्याजाला ओहोटी लागलीय मॅडम. हीच वेळ."

मी कर्ल्याची. ओहोटी मला कोणी शिकवू नये.
गुडघाभर चिखलात तिसऱ्या वेचत वाढले,
कालवांच्या कडांनी तळपाय चिरून घेतले.
विचारलं, भांगाची की उधाणाची?
भांगाची असेल तर पाणी चार पावलंच मागे सरतं,
उधाणाची असेल तर जेवढं जातं तेवढंच अंगावर येतं.
तो हसला. म्हणाला, "फ्लोटिंग आहे."

नऊ दहावरून सात पंच्याऐंशी.
बाकी अठरा लाख चाळीस हजार, वर्षं अकरा.
मुद्रांक, वकिलाचा शोध अहवाल, फाइलचा खर्च
सगळं धरूनही वर्षा-दीड वर्षात वसूल.
"फक्त सांगा, मुदत कमी करायची की हप्ता?
हप्ता तोच ठेवलात तर अकरा महिने आधी सुटाल."

सुटाल, म्हणाला.

जुन्या बँकेतल्या बाई म्हणाल्या, आम्हीही उतरवू,
पण सव्वाआठपर्यंतच, फी भरून.
नवे कागद नकोत, नव्या सह्या नकोत,
एकट्या आलात तरी चालेल.
नाचण्यापर्यंत रिक्षात तेच वाक्य शेजारी बसून आलं.

तळेकरच्या फॉर्मवर मात्र दोन चौकोन आहेत.
कर्जदार: मी.
सहकर्जदार: प्रफुल्ल पिलणकर, टँकरवर सेकंड इंजिनिअर.

सहा वर्षं झाली, तो या घरात नाही.
कोर्ट नाही, आदळआपट नाही.
एक बॅग, इस्त्रीचे चार शर्ट,
आणि गॅलरीच्या ग्रिलला अर्धाच लावलेला रेड ऑक्साइड.
उरलेला अर्धा मी लावला. खारा वारा दोन्हीकडे सारखाच खातो.

पण दर पाच तारखेला फोन थरथरतो:
अकरा हजार पंचावन्न जमा.
कधी भल्या सकाळी, कधी रात्री दीडला,
जहाज ज्या घड्याळात असेल तसा.
एकदा तीन तारखेलाच आले, तेव्हा मी घाबरले होते.
एकदा पंचावन्नऐवजी छप्पन्न आले.
त्या एका रुपयावर मी आठवडा काढला.

रात्री त्याला लिहिलं:
व्याज उतरलंय. बँक बदलतेय. तुझी सही लागेल.
एक टिक.
दोन दिवस एकच टिक. समुद्र खूप मोठा असतो.

तिसऱ्या दिवशी उत्तर:
"पुढच्या महिन्यात कोचीला उतरतोय. येऊन करतो सही.
मुदत कमी करतेस की हप्ता?"

तळेकरचाच प्रश्न, तेच शब्द.
पण तळेकरला मी दोन मिनिटांत म्हटलं असतं, मुदत,
कारण बाजारातला कोणीही मुदतच म्हणेल.
दुकानात सगळ्यांची बिलं मी तपासते,
आख्ख्या धक्क्यावर माझी बेरीज चुकत नाही.

अकरा महिने आधी.
म्हणजे अकरा वेळा फोन थरथरणार नाही.

खाली कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिची शिट्टी वाजत राहिली.
मी "मुदत" लिहिलं. खोडलं.
चहा ठेवला, उतू गेला, शेगडी पुसली.

मग लिहिलं, हप्ता.

आणि कॅल्क्युलेटर काढून निम्मे केले:
आता पाच तारखेला
दहा हजार चारशे अठ्ठावीस.